उजव्या हातानं उघडलेलं दार

नाना, तुम्हांला जाऊन बावीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हांला एक ओळसुद्धा लिहिली नाही. आता लिहायला बसले आहे ती किळस आली म्हणून. कुणाला सांगायला जावं तर जो तो माझी समजूत घालतो, आणि सगळ्यांत जास्त शिसारी मला त्या समजुतीचीच आली आहे. तुम्ही कधी कुणाची समजूत घातली नाहीत. पानावर बसलेले असलात तरी जे असेल ते बोलून पुढचा घास घ्यायचात. आईला त्याचा राग येई, मलाही येई. आज वाटतं, या एवढ्या देवास शहरात तसं एक माणूस असतं तर मी त्याच्यासमोर जाऊन बसले असते.

झालं ते असं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. रविवार, सकाळचे अकरा. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी नारळ विकणाऱ्या बाईच्या ठेल्याजवळ मी गाडी उभी केली आणि दार उघडलं. उजव्या हातानं. ते अर्धंही उघडलं नसेल, तोच मागून आलेली मोटारसायकल दाराच्या कडेवर आदळली. चालवणारा माणूस दारावरून उडून पुढे रस्त्यावर पडला, डोक्यावर. त्याचं हेल्मेट मोटारसायकलच्या हँडलला लटकवलेलं होतं. ते तिथंच लटकत राहिलं, त्याला ओरखडासुद्धा उठला नाही. मी उतरले आणि दार धरून उभी राहिले. त्याच्या कानातून रक्त येत होतं आणि पाच मिनिटांच्या आत भोवती जमलेल्या लोकांनी निकाल लावून टाकला. "भिया, हेलमेट तो टाँग रखा था!" "और नहीं तो क्या, पहनने की चीज है कि लटकाने की?" "मैडम, आप टेंशन मत लो, सबने देखा है." कुणी काय पाहिलं होतं? सगळे आवाज ऐकून धावत आले होते. खरं पाहिलं असेल तर त्या नारळवाल्या बाईनं, आणि ती हातातला कोयता खाली ठेवून नुसती माझ्याकडे बघत होती.

आणि नाना, मला बरं वाटलं. रस्त्यावर माणूस पडलेला, त्याला उचलायला रिक्षा अजून यायची होती, आणि लोक त्याला नावं ठेवत होते हे ऐकून माझ्या छातीवरचं ओझं हलकं झालं.

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. तुमचे जावई वाईट नाहीत, तुम्हांला ठाऊक आहे. त्यांनी स्वतः चहा केला, डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हे बघ, दार आधीच उघडं होतं असं सांगायचं. तू उतरत होतीस, तो वेगात आला. हेल्मेट नव्हतंच, वो तो सबने देखा है. नोकरीची चार वर्षं राहिली आहेत तुझी, उगाच लफडं कशाला?" मी म्हटलं, पण तसं झालं नाही. तर म्हणाले, "अगं, कसं झालं हे आता कोण विचारतंय?" दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात लिहून दिलं. दार आधीपासून उघडं होतं, मोटारसायकल वेगात होती, चालकानं हेल्मेट घातलेलं नव्हतं. तीन वाक्यं. त्यांतलं तिसरं खरं होतं, आणि त्याच्या आधारावर बाकीची दोन उभी राहिली.

तुम्ही मला धारच्या डेपोत पहिल्यांदा नेलंत तेव्हा मी दहा वर्षांची असेन. तुमची बस धुऊन उभी होती. मी हट्ट धरून ड्रायव्हरच्या जागेवर चढले, ते भलं मोठं चाक दोन्ही हातांनी धरून तोंडानं घरघर आवाज काढला, आणि मन भरल्यावर उतरायला म्हणून बाजूचं दार ढकललं. तुम्ही खालून माझ्या हातावर फटका मारलात. एवढा जोरात की डोळ्यांत पाणी आलं. मी कधी तुमच्या हातचा मार खाल्ला नव्हता. मला काही समजेना, कारण डेपोत तर एक गाडी हलत नव्हती. तुम्ही म्हणालात, "उजव्या हातानं नाही. डाव्या हातानं उघड. लांबचा हात पुढे आणला की अंग वळतं, अंगाबरोबर मान वळते, आणि मागून कोण येतंय ते दिसतं. बघ करून." मी हुंदके देत करून पाहिलं. मान खरंच वळली. डेपोच्या फाटकापर्यंतचं सगळं दिसलं: पंक्चरवाला, कुत्रं, कॅन्टीनमधून कपबशा घेऊन येणारे काका. तुम्ही मला दहा वेळा चढायला लावलंत आणि दहा वेळा उतरायला. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाहनंच हाकली गेली. पणजोबा संस्थानच्या बग्गीवर होते, तुम्ही सरकारी बसवर. घरातली पहिली मोटार घेतली ती मी, आणि ही एवढी एक गोष्ट मी विसरले. विसरले म्हणणंही खोटं आहे. माझ्या गाडीच्या दाराचं हँडल उजव्या हाताला सोयीचं पडतं, एवढंच.

तिरल्याचा प्रसंग तुम्ही विसरला नसाल. मी तेव्हा अकरावीत, शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. सरदारपूरहून येताना तिरल्याच्या थांब्यावर माणसं उतरली, तुम्ही बस काढलीत, आणि बसच्या डाव्या बाजूनं, बस आणि नाली यांच्यामधल्या हातभर जागेतून एका मास्तरांनी मोटारसायकल घातली. मागच्या चाकाखाली त्यांचा पाय आला. कंडक्टर, बसमधले लोक, गावातले लोक, सगळे एका सुरात म्हणाले की चूक मास्तरांची. डावीकडून कुणी घुसतं का? चौकशीत तुम्हांला तेवढंच सांगायचं होतं. तुम्ही लिहून दिलंत की मास्तरांनी डावीकडून यायला नको होतं आणि मी डावीकडे न पाहता गाडी काढली. सात महिने तुम्ही निलंबित होतात. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात पाटावर बसायचात आणि आईला वाटाणे सोलून द्यायचात. माझं इंदूरच्या कॉलेजात जायचं ठरलं होतं, ते राहिलं. ज्या दिवशी ते नक्की झालं त्या दिवशी मी चुलीजवळ उभी राहून तुम्हांला म्हणाले, "दिसला नाही म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? आता तुमच्या या खरेपणाचं लोणचं घालायचं का आम्ही?" आई माझ्यावर ओरडली नाही. तिलाही तेच म्हणायचं होतं. तुम्ही हातातली शेंग सोलून झाल्यावर बोललात, "दिसला नाही म्हणजे पाहिलं, पण दिसला नाही. मी पाहिलंच नव्हतं, पोरी." मला त्या वेळी तुमचा इतका तिटकारा आला होता की मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. ते मास्तर पुढे कुबडी घेऊन आपल्याकडे आले होते, आठवतं? तुम्ही दोघं ओसरीवर बसून बराच वेळ बोलत होतात. काय बोललात ते कुणालाच सांगितलं नाहीत. मी आत बसून राहिले, पाणीसुद्धा नेऊन दिलं नाही.

मग मला देवासला शाळेत नोकरी लागली आणि मी मोपेड घेतली, तेव्हा तुम्ही बसनं हेल्मेट घेऊन आलात. पांढरं, जड, आत लाल गादी. त्या काळी देवासात बाईमाणूस हेल्मेट घालून निघालं तर लोक वळून बघायचे. मी एकदा घातलं, स्टाफरूममध्ये कुणीतरी हसलं, आणि ते स्वयंपाकघराच्या फळीवर गेलं. कितीतरी वर्षं मी त्यात लसूण ठेवत होते. तुम्ही एकदा आलात, फळीकडे पाहिलंत, आणि जेवताना लसणाची चटणी वाढली तर "नको" म्हणालात. तेवढंच.

आता रस्त्यावर काय चालतं ते सांगितलं तर तुम्ही गाडीला हात लावणार नाही. हेल्मेट घेतात ते दंडाचं चालान फाटेल या भीतीनं, कोपरात अडकवतात, चौक आला की डोक्यावर ठेवतात, पट्टा लावत नाहीत, चौक गेला की पुन्हा कोपरात. बापानं हेल्मेट घातलेलं असतं आणि पुढे टाकीवर बसवलेल्या तीन वर्षांच्या पोराचं डोकं उघडं. आणि गाडीवाले! काच वर, गाणी मोठ्यानं, आणि बाजूनं मोटारसायकल निघाली की जणू घरात कुणी शिरलं अशा शिव्या. सिग्नलला गाडी थांबली की दार उघडून गुटख्याची पिंक टाकतात, मागे न बघता. एकदा माझ्यासमोर ती एका पोरीच्या पांढऱ्या ओढणीवर पडली. स्कूटी पुढे नेऊन तिनं ओढणी काढून गटारात टाकली. गाडीतल्यानं दार लावून घेतलं होतं. मला तेव्हा त्याची इतकी किळस आली होती. मी स्वतःला त्यांच्यात धरतच नव्हते.

अपघाताला महिना झाला आणि शाळेत रस्ता-सुरक्षेचा कार्यक्रम आला. मी सर्वांत ज्येष्ठ, म्हणून मुलांना शपथ देण्याचं काम माझ्याकडे. प्राचार्यांना सगळं ठाऊक होतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मैडम, आपका तो अनुभव भी है. बच्चों को बताइए, हेलमेट ना पहनने से क्या होता है." मी मैदानात उभी राहिले, हात पुढे केला, सहाशे मुलांनी हात पुढे केले, आणि मी बोलले: हेल्मेट घालीन, तीन जण बसणार नाही, वेग मर्यादेत ठेवीन. सगळी शपथ दुचाकीवाल्यांची. दार कसं उघडावं, वळताना कुठं बघावं, बाजूनं जाणाऱ्याला किती जागा सोडावी, यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं आणि मी आपल्या मनानं घातलं नाही. वर तो अनुभवही सांगितला. "एक भाई साहब थे, हेलमेट टाँगकर चलते थे." मुलं हसली. मी पुढच्या तासाला नववीला प्रमेय शिकवायला गेले आणि सबंध तास मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहीत राहिले.

तोपर्यंत मी त्या माणसाचं काय झालं हे विचारलंसुद्धा नव्हतं. जगला आहे, इंदूरच्या दवाखान्यातून घरी सोडलं, एवढं यांनी शोधून काढलं होतं. तो देवासातल्या एका नमकीनच्या दुकानात शेव करणारा कारागीर होता. मी दुकानात गेले. मालक म्हणाले, "वो तो पीपलरावां चला गया, अपने गाँव. नाक ही गई उसकी, मैडम. सिर में लगी, तब से खुशबू-बदबू कुछ नहीं आती. दो बार घान जला दिया, पास में खड़े-खड़े." कढईतली शेव दोनदा जळाली, कारण शेवेवाल्याला तेल तापलं की जळलं हे आधी नाकानं कळतं, मग डोळ्यांनी, असं त्यांनी मला समजावलं. मी पाव किलो शेव घेऊन बाहेर आले. का घेतली देव जाणे.

पुढच्या रविवारी मी बसनं पीपलरावांला गेले. गाडी चालवायचा धीर नव्हता. बरोबर संत्री घेतली होती. घर विचारत गेले. पस्तिशीचा माणूस, केस कापलेले, कानामागून वर गेलेली टाक्यांची रेघ. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला आणि हात जोडले. मला वाटलं होतं, शिव्या देईल. तो म्हणाला, "आप आईं, बड़ी बात है. वरना कौन आता है. गलती तो मेरी ही थी, मैडम, हेलमेट टाँग रखा था. सब ने बताया, दरवाजा तो पहले से खुला था, मैं ही घुस गया." त्याला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं, नाना. दवाखान्यात जागा झाल्यावर लोकांनी जे सांगितलं तीच त्याची आठवण झाली. आणि लोकांनी जे सांगितलं ते मी लिहून दिलेलं होतं. माझी तीन वाक्यं त्यानं आपल्या डोक्यात ठेवून घेतली होती आणि त्यावर तो स्वतःला दोष देत बसला होता.

बायको पाण्याला गेली होती, म्हणून त्यानं स्वतः चहा टाकला. दूध भांड्याला लागलं. मला दारातून वास आला, खोलीभर करपलेला वास पसरला, आणि तो भांड्यासमोर उकिडवा बसून शांतपणे साखर ढवळत होता. त्यानं कप दिला. "शक्कर ठीक है?" मी म्हटलं, "बढ़िया है," आणि प्याले. घोट घोट करत अर्धा कप संपवला. तेवढ्यात त्याची बायको हंडा घेऊन आत आली. उंबऱ्यातच थांबली, नाक वर केलं, भांडं बघितलं, माझा कप बघितला. "दूध लग गया है. आप पी कैसे रही हो?" तो गोंधळून म्हणाला, "लग गया? इन्होंने तो बढ़िया बताया." ती माझ्याकडे वळली. "बोल देतीं ना. झूठ क्यों बोला?"

मग मी सांगितलं. कप खाली ठेवून सगळं सांगितलं: दार मी उघडलं, त्याच क्षणी उघडलं, मागे पाहिलं नाही, आणि लिहून देताना खोटं लिहिलं.  तो आपल्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिला. मग अगदी हळू बोलला, "हेलमेट मैंने नहीं पहना, वो मेरी. दरवाजा आपने बिना देखे खोला, वो आपकी. आपने अपनी भी उठाके मेरे में डाल दी." बायकोनं संत्र्यांची पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "ये ले जाओ. और यहाँ मत बोलो. जहाँ झूठ लिखाया है, वहाँ जाके बोलो." मी पिशवी घेऊन निघाले. तो दारापर्यंत सोडायला आला नाही, आणि यायला नकोच होता.

दोन दिवस मी घरात भांडत होते. हे म्हणाले, "आता त्याचं नाक परत येणार आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग?" तिसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर ठाण्यात जाऊन मी नवा जबाब लिहून दिला. दार मी त्याच वेळी उघडलं; घाईत होते म्हणून मागे पाहिलं नाही. लिहून घेणाऱ्यानं दोनदा विचारलं, "पक्का ना, मैडम?" आता केस माझ्यावर आहे, तारखा पडतात, लायसन्स जमा झालं आहे. शाळेत लोक माझ्याशी जरा जपून बोलतात. दोघा-तिघांनी "बड़ी हिम्मत की आपने" असंही म्हटलं, आणि ते ऐकून मला त्या पहिल्या समजुतीइतकीच शिसारी आली. त्या माणसाला मालकांनी पुन्हा बोलावलं आहे, पाकिटं भरायला. कढईपाशी त्याला उभं करत नाहीत. नवा जबाब त्याला ठाण्यात वाचून दाखवला म्हणे. बायकोनं फक्त तारीख कधीची आहे ते विचारलं.

यांचं आणि माझं अजून धड बोलणं नाही. वाढते, जेवतात. काल म्हणाले, "तुझ्या वडिलांवर गेलीस." रागानं म्हणाले. मी मान खाली घातली, कारण मी तुमच्यावर गेलेली नाही, आणि हे त्यांना सांगायची लाज वाटली.

तुम्हांला सांगते. मला कसलीही घाई नव्हती, नाना. रविवार होता, नारळ घेऊन घरीच जायचं होतं. गाडी उभी केली तेव्हा आतला आरसा मी माझ्याकडे वळवला होता आणि टिकली सरळ करत होते. टिकली लागली, चेहरा बरा दिसला, आणि त्या समाधानात मी दार उघडलं. "घाईत" हा शब्द मी नव्या जबाबातही घातला, कारण टिकली लिहायला लाज वाटली. तो बदलायला तिसऱ्यांदा जायचं माझ्यानं होत नाही.